माळावरची सहा झाडे

मल्लेश्वरम, बेंगळुरू
४ नोव्हेंबर २०२४

ती. वसुमतीअक्का यांस,
सा. न. वि. वि.

विषय : वीणाचे झाड.
संदर्भ : आपले दिवाळीचे पत्र.

आपले पत्र मिळाले. तुम्हाला दरमहा पत्र लिहिण्याचे काम वीणाकडे होते. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानातले यंत्र शिट्टी वाजवते, हे मला माहीत आहे. तेव्हा यापुढे हे काम माझ्याकडे आले असे मी समजतो. मला सवय नाही. नोकरीत चौतीस वर्षे अहवाल लिहिले, पण ते सगळे यंत्रांबद्दल होते.

हेसरघट्ट्याच्या पुढच्या माळावरचे वीणाचे झाड कसे आहे, असे तुम्ही विचारले आहे. झाड उत्तम आहे.

माझी प्रकृती ठीक. प्रांजली रॉटरडॅमहून दर शनिवारी बापाला फोन करते. कळावे.

आपला,
नंदकिशोर

---

अथणी
१३ नोव्हेंबर २०२४

नंदकिशोरराव यांस अनेक आशीर्वाद.

माझी धाकटी बहीण जाऊन नऊ महिने झाले. तिच्या नवऱ्याचं पहिलं पत्र आलं, तर त्याला विषय आणि संदर्भ! जावक क्रमांक तेवढा राहिला. चाळीस वर्षं शाळेत शिकवलंय मी. लाल शाईनं तपासून परत पाठवणार होते, पण म्हटलं, नवा विद्यार्थी आहे, बिचकेल.

'झाड उत्तम आहे' म्हणजे काय? त्याला ताप आला होता का? वीणाचं एक पत्र झाडावाचून गेलं नाही. दर रविवारी तुम्ही तिला त्या माळावर न्यायचात, ते अकरा वर्षं. म्हणजे तुम्हाला ते झाड तोंडपाठ असणार.

माघात वर्षश्राद्धाला मी येणार आहे. गुडघे नको म्हणतात, पण त्यांना विचारतंय कोण? मला एकदा तिच्या झाडाखाली बसायचंय. तोवर त्याचं नीट वर्णन लिहून पाठवा. माझ्याकडच्या पत्रांशी ताडून बघते.

तुम्ही चिपळूणचे. तुमच्याकडे झाडं गवतासारखी उगवतात, त्यांना कोण बघतं? आमच्या शाळेच्या वाटेवर तीन मैलांत एक कडुलिंब होता. लांबून दिसला की वीणा म्हणायची, "अक्का, आला बघ!" आम्ही त्याच्याकडे चाललोय असं तिला वाटायचंच नाही. तोच आमच्याकडे येतोय, असं तिचं म्हणणं.

जेवण वेळेवर करता ना? प्रकृती ठीक म्हणजेही काही कळत नाही.

वसुमती

---

मल्लेश्वरम
२५ नोव्हेंबर २०२४

ती. वसुअक्का यांस सा. न.

विषय आणि संदर्भ काढून टाकले आहेत.

काल रविवारी माळावर जाऊन आलो. झाडाचे वर्णन पुढीलप्रमाणे. झाड नीलगिरीचे आहे. उंची अंदाजे एकवीस मीटर, छत्रीची सावली आणि झाडाची सावली यांच्या प्रमाणावरून काढली. खोड सरळ आहे. साल सुटते. वीणाला ते त्याच्या सरळपणामुळे आवडत असे.

दोन्ही वेळा जेवतो. सकाळी इडली आणतो. कोपऱ्यावरचा माणूस वीणाच्या सवयीने चटणी जास्त बांधतो, आणि मी सांगायचे विसरतो.

आपला,
नंदकिशोर

---

अथणी
४ डिसेंबर २०२४

नंदकिशोरराव यांस आशीर्वाद.

नापास.

वीणाचं दोन हजार अठराच्या आषाढातलं पत्र समोर आहे. ती लिहिते, "अक्का, इथे एक नीलगिरी आहे. मोठी झाल्यावर विजेचा खांब व्हायचं तिच्या मनात असावं." आणि तुम्ही म्हणता, सरळपणा आवडायचा! तिला सरळ काहीच आवडायचं नाही. तुमच्याशी लग्न केलं तो अपवाद.

आता एक विचारते, खरं उत्तर द्या. ओरडणार नाही. तुम्ही गाडीतून उतरत होतात का?

वसुमती

---

मल्लेश्वरम
१६ डिसेंबर २०२४

ती. वसुअक्का यांस सा. न.

नाही.

गाडी लावायची जागा ठरलेली होती, सावलीची. वीणा उतरून चालत जाई. मी दार उघडे ठेवून पेपर वाचत असे. दीड-दोन तासांनी ती परत येई, पायाला कुसळे लागलेली असत, मग आम्ही वाटेत कॉफी पिऊन घरी येत असू. ती कुठे जाते हे मी विचारले नाही. ती सांगू लागली तर ऐकत असे, पण डोके पेपरात असे. नीलगिरी मी उंची पाहून निवडली. चूक झाली.

तुम्ही येणार म्हणता, आणि तुम्हाला दाखवायला माझ्याकडे झाड नाही. अकरा वर्षे जिच्याबरोबर गेलो तिचे झाड मला माहीत नाही, हे प्रांजलीलाही सांगितलेले नाही. म्हणून रीतसर पाहणी सुरू केली आहे.

माळ मोठा आहे, पण झाडे थोडी आहेत. गाडी लावतो तो शून्य बिंदू धरला आणि तिथून पावले मोजत गेलो. एकूण सहा झाडे भरली. एक नंबर बाभूळ. दोन नंबर पळस, सध्या पाने झडायला लागली आहेत. तीन तुम्हाला माहीत असलेली नीलगिरी. चार नंबर जांभूळ आहे, त्याला पूर्वी कधीतरी आग लागली असावी. पाचवे मोह. सहावे काय आहे ते कळत नाही. त्यावर कावळ्याचे घरटे आहे आणि कावळा जवळ जाऊ देत नाही. त्याने काल माझी टोपी नेली.

तिथे गंगव्वा म्हणून एक बाई मेंढ्या चारते. मूळची बागलकोटकडची आहे. मी टेप घेऊन फिरतो ते पाहून ती म्हणाली, "एन्री सर, गिडा एणसाक हत्तीरेन्री?" म्हणजे झाडे मोजता का. मी हो म्हणालो. तिने आपली सगळी मेंढरे एकदा पाहिली, मग मला पाहिले, आणि म्हणाली की झाडे पळून जात नाहीत, मोजायची गरज नसते.

वीणाच्या पत्रांतल्या काही खुणा कळवल्यात तर काम लवकर होईल.

आपला,
नंदकिशोर

---

अथणी
२६ डिसेंबर २०२४

नंदकिशोरराव यांस आशीर्वाद.

ओरडणार नाही म्हटलं होतं, म्हणून ओरडत नाही. स्वल्प राग आला, तो गव्हाची हुग्गी ढवळताना घालवला. आमचे हे सत्तावीस वर्षं माझ्या शेजारच्या खोलीत राहिले, आणि मला काय आवडतं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. निदान तुम्ही टेप तरी घेतलात.

आता खुणा. पत्रं सगळी काढून बसले. झाडाची जात तिनं कुठंच लिहिलेली नाही. म्हणते, "जवळून त्यात काही विशेष नाही. लांब गेल्याशिवाय ते झाड होत नाही." आणखी एका पत्रात, "एवढ्या मोकळ्या माळावर कुठेही बघावं तर नजर घरंगळत जाते. या झाडापाशी आली की थांबते."

पण खरी खूण पुढे आहे. "त्याच्या बुंध्याशी एक दगड आहे. कितीही हाका मारल्या तरी हलत नाही. पण आहे म्हणून बरं वाटतं." दगड शोधा, म्हणजे झाड सापडेल.

आणि ही बघा, अक्षरशः उतरवते, "या झाडाला फक्त रविवारी फूल येतं. एकच, पांढरं, बुंध्यापाशी. अधूनमधून त्याची पाकळी उलटते." असं तिनं नऊ पत्रांत लिहिलंय! इथल्या शास्त्राच्या मास्तरांना दाखवलं. ते म्हणाले, अशी वनस्पती पुस्तकात नाही, बहुतेक परदेशी असावी. तुमच्या बेंगळुरात एवढ्या मोठाल्या संस्था आहेत, कुणाला तरी विचारा.

टोपी नवी घ्या. कावळ्याशी भांडू नका, पितृपक्षात त्याच्याकडेच काम पडतं.

वसुमती

---

मल्लेश्वरम
१३ जानेवारी २०२५

ती. वसुअक्का यांस सा. न.

तीन रविवार झाले. सहाही झाडांची पुन्हा तपासणी केली.

दगड दोन ठिकाणी सापडले. एक नंबरच्या बाभळीखालचा दगड मी पायाने ढकलला तर हलला, म्हणून तो बाद. पाच नंबरच्या मोहाखालचा हलला नाही, म्हणून आशा वाटली. पण गंगव्वा म्हणाली की तो तिने स्वतः मागच्या श्रावणात बसायला आणून टाकला आहे, आणि मी त्यावरून उठावे.

फुलाबद्दल त्रिविक्रमला विचारले. तो माझ्याबरोबर नोकरीला होता, निवृत्तीनंतर वनस्पतींच्या नादाला लागला आहे. त्याने पत्रातला मजकूर दोनदा वाचला आणि विचारले, "रविवारीच फुलतं म्हणजे बाकीचे दिवस कामावर असतं काय?" मग तो बराच वेळ हसत होता. मी चहा न घेता आलो.

एक गोष्ट सांगायची राहते. तपासणीच्या दृष्टीने तिचा उपयोग नाही. चारवरून पाचकडे जायला चारशे पावले लागतात. काल सकाळी नऊच्या सुमारास जात होतो. गवत सुकून पिवळे झाले आहे आणि मध्ये काहीच नाही. पाच नंबर आधी बोटाएवढे दिसत होते. मग त्याला खांदे आले. मग आतल्या फांद्या वेगळ्या झाल्या. मी मोजता मोजता दोनशे साठला थांबलो आणि पुढचा आकडा विसरलो. कोकणात झाड असे येताना दिसत नाही. तिथे ते आधीच आलेले असते. तुमच्या शाळेच्या वाटेवरच्या कडुलिंबाची आठवण झाली. तो मी पाहिलेला नाही, तरी झाली.

परंतु वीणाचे झाड सापडलेले नाही. चुकीच्या झाडाखाली तुम्हाला नेऊन बसवावे, हे मला पटत नाही. वर्षश्राद्धाला जरूर या, पण झाडाचे रद्द समजावे. क्षमा असावी.

आपला,
नंदकिशोर

---

अथणी
२० जानेवारी २०२५

नंदकिशोरराव यांस आशीर्वाद.

रद्द कसलं? रेल्वेचं तिकीट आहे का ते? पुतण्या अभिजीत मला आठ फेब्रुवारीला सोडायला येतोय. रविवारी, नऊ तारखेला, माळावर जायचं.

तुमची गंमत सांगू? तुम्ही सहा झाडं मोजलीत, सावल्या मोजल्यात, दगड ढकललेत, पण वीणा कुठे जाऊन उभी राहायची हे एकदाही शोधलं नाहीत. झाड राहू दे बाजूला. ती कुठे जायची ते बघा. तुम्हाला ठाऊक नाही म्हणजे कुणालाच ठाऊक नाही असं थोडंच आहे? ती मेंढ्यांची बाई अकरा वर्षं तिथे असेल तर आमच्या वीणाशी बोलली नसेल होय? वीणा खांबाशीसुद्धा बोलायची. आणि ही तर आमच्या बाजूची कानडी बोलणारी.

तिला विचारा. टेप घरी ठेवा.

तुमच्या पत्रातला पाच नंबरचा भाग मी दोनदा वाचला. लाल शाई लागली नाही.

वसुमती

---

मल्लेश्वरम
२७ जानेवारी २०२५

ती. वसुअक्का यांस सा. न.

झाड सापडले.

काल गाडी नेहमीच्या जागी लावली. ऊन सीटवर येऊ नये म्हणून उघड्या दारात पेपर अडकवला आणि गंगव्वाकडे गेलो. वीणाचे नाव तिला माहीत नव्हते. रविवारी यायच्या त्या अथणीच्या अक्का म्हटल्यावर तिने पदर डोळ्यांना लावला, आणि मग एवढे दिवस हे का विचारले नाही म्हणून मला बरेच बोलली. माझे कानडी अडतीस वर्षांत बाजारापुरतेच राहिले, त्यामुळे निम्मेच समजले. तेवढे पुरेसे होते.

मग ती मेंढ्यांसह मला घेऊन निघाली. सातशे पावलांवर एक छोटे टेकाड आहे. टेकाड म्हणजे जमीन जरा फुगलेली. अक्का इथे बसायच्या, असे तिने दाखवले. मी बसलो. समोर दोन, चार आणि पाच नंबर दिसत होते. मी म्हणालो, यातले कोणते? गंगव्वाने माझे खांदे धरले आणि मला उलटे फिरवले. "इल्लि नोड्री," म्हणाली. इकडे बघा.

आम्ही जिकडून आलो त्या बाजूला एक झाड होते. एकटे, पसरट, डाव्या अंगाला जास्त झुकलेले. त्याच्या चारी बाजूंना फक्त गवत आणि वर आकाश. मी तिला म्हणालो, हे सातवे कुठून आले? हे माझ्या यादीत नाही.

त्याच्या खाली आमची करडी गाडी उभी होती.

अक्का, शून्य बिंदूला नंबर देत नाहीत. मोजणीची ती पद्धतच आहे. जिथून मोजायचे ते मोजत नाहीत. मी दर वेळी त्याच्या खोडाला टेपचे टोक अडकवून निघत होतो.

झाड करंजाचे आहे. इथे त्याला होंगे म्हणतात. चिपळूणला आमच्या घरामागे खाडीच्या काठाने अशी चाळीस तरी असतील. त्यांतले एकही मला आठवत नाही.

वाऱ्याने दारातला पेपर हलला. टेकाडावरून तो पांढरा ठिपका दिसत होता. मग त्याचे पान उलटले. तुमच्या शास्त्राच्या मास्तरांना कळवावे की वनस्पती परदेशी नाही.

दगडाबाबतही खुलासा झाला आहे. तो मी.

गंगव्वाने एक गोष्ट सांगितली. तिने एकदा वीणाला विचारले होते की साहेबांना कधी इकडे का आणत नाही. वीणा म्हणाली, "ते इकडे आले तर झाडाखाली कोण बसणार?"

मी तिथे थोडा वेळ बसलो. मग परत आलो. कॉफी घेतली नाही.

रविवारी, नऊ तारखेला, तुम्हाला झाडाखाली बसता येईल. गाडी थेट तिथपर्यंत जाते. पहिल्यापासून जात होती.

आपला,
नंदकिशोर

---

अथणी
३ फेब्रुवारी २०२५

नंदकिशोरराव यांस आशीर्वाद.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा वीणाला चार शिव्या दिल्या. सख्ख्या बहिणीला नऊ पत्रांत फसवलं! मी त्या फुलाचं गावभर सांगितलंय. मास्तर आता रस्त्यात दिसले की मी बोळात शिरते. तिसऱ्यांदाचं सांगत नाही.

बेत थोडा बदलायचा आहे. सातशे पावलं माझ्या गुडघ्यांना व्हायची नाहीत. म्हणजे मी झाडाखाली बसू शकते, पण झाड बघू शकत नाही. तेव्हा असं करू. मी गाडीत बसेन, दार उघडं ठेवीन आणि पेपर हातात धरीन. तुम्ही टेकाडावर जाऊन बघायचं. पान उलटायचं काम माझ्याकडे.

आणि कसं दिसलं ते मला तिथे सांगायचं नाही. तुम्ही ओरडणार, माझं यंत्र शिट्टी वाजवणार, मेंढ्या उधळणार. मी घरी परत आले की पत्रात लिहा.

येताना तिळाच्या वड्या आणते.

वसुमती

---

मल्लेश्वरम
१८ फेब्रुवारी २०२५

ती. वसुअक्का यांस सा. न.

विषय : झाड.
संदर्भ : आपली आज्ञा.

तुम्ही सुखरूप पोचल्याचे अभिजीतने कळवले. वर्षश्राद्ध तुमच्या उपस्थितीत नीट पार पडले. कावळा लगेच शिवला. तो सहा नंबरचा नसावा, टोपी दिसली नाही.

रविवारचा, नऊ तारखेचा वृत्तांत असा. मी टेकाडावर पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. सावली बुंध्यापासून गवतावर लांब पडली होती. झाड आहे तेवढेच आहे, त्याला मी आता मोजलेले नाही. बाकी माळ इतका रिकामा आहे की ते झाड कोणीतरी विचार करून तिथे ठेवल्यासारखे वाटते. चाळीस असती तर मी पाहिले नसते. फूल आले होते. सुरुवातीला पाकळी दोनदा उलटली. मग अर्धा तास उलटली नाही. गंगव्वा काळजीत पडली, मला म्हणाली, जाऊन बघा. मी आलो तर तुम्ही पेपर तोंडावर घेऊन झोपला होतात. मी उठवले नाही. परत टेकाडावर गेलो.

परवाच्या रविवारी प्रश्न आला की आता झाडाखाली कोण बसणार. गंगव्वा गाडीत बसायला तयार झाली. तोवर मी तिच्या मेंढ्या राखायच्या, अशी अट होती. तिला वाचता येत नाही, पण पाने वेळेवर उलटते. माझ्यापेक्षा नियमित.

शेवटी मेंढ्या मोजल्या तर एक कमी भरली. दोन वेळा मोजल्या. गंगव्वा गाडीतून उतरून पुष्कळ बोलली. मी माळभर पाहिले, बाभळीपासून मोहापर्यंत. मग लक्षात आले आणि मागे वळलो. ती मेंढी शून्य नंबरच्या झाडाखाली, गाडीच्या सावलीच्या बाजूला बसली होती. हाका मारल्या, पण हलली नाही.

पेपर आता दोन आणतो. एक तिने खाल्ला.

झाड उत्तम आहे.

आपला,
नंदकिशोर